यंत्राची बैठक

घरांत नवीन यंत्र आलें म्हणजे सर्वांची दृष्टि तें काय करतें याकडे लागते. पिठाची गिरणी किती झपाट्यानें दळते, पंप किती उंच पाणी चढवितो, हें लहानथोर सारे कौतुकानें पाहतात. काम संपल्यावर तें यंत्र कसें बसतें, हें पाहण्याचें अगत्य मात्र क्वचितच कोणास वाटतें. या महिन्यांत आलेल्या एका पत्रामुळें या उपेक्षित बाजूकडे वळण्याची संधि आम्हांस मिळाली, आणि विषय पुष्कळ घरांच्या उपयोगाचा असल्यामुळें तो येथें सविस्तर मांडीत आहों.

पत्र बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांतून आलें आहे. तीन बंधूंचें एकत्र कुटुंब. घरीं एक मोटार व एक जुनी जीप. आणि वाड्याच्या मागल्या बाजूस गाडी ठेवण्याची एकच खोली. जागेची अडचण दूर व्हावी, शिवाय जीपची लहानसहान दुरुस्ती घरच्या घरीं करतां यावी, म्हणून तरुण मंडळींनीं उन्हाळ्यांत चार खांबांची लिफ्ट आणून बसविली. एक गाडी वर, दुसरी तिच्याखालीं, अशी योजना. पावसाळा लागेपर्यंत सर्व सुरळीत चाललें. दिवाळीच्या सुमारास असें दिसून आलें कीं, लिफ्ट पूर्णपणें खालीं आणली तरी तिचा एक कोपरा टेकत नाहीं; अर्ध्या बोटाएवढी फट राहते. आतां घरांत तीन पक्ष पडले आहेत. थोरले काका म्हणतात, "हें धूड विकून टाका." मधल्या काकांचा मुलगा म्हणतो, "वरचा नट चार फेरे फिरविला कीं काम झालें." जीपचा नेहमींचा मिस्त्री म्हणतो, "फटींत लांकडाची पाचर ठोकूं या, मालक." अखेर आम्हांस विचारावें असें धाकट्या काकूंनीं सुचविलें, कारण, त्यांच्याच शब्दांत, "लिफ्टखालीं जाऊन निजतात तीं आमचीं मुलें आहेत."

काकूंचें म्हणणें अगदीं रास्त आहे. परंतु अर्ध्या बोटाची फट कितपत भयावह, हें ठरविण्यापूर्वीं लिफ्ट चालते कशी, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे.

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सांगितला. त्याच नियमाच्या आधारावर इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं दाबयंत्र सिद्ध केलें. आणि अमेरिकेंतील मेंफिस शहरच्या पीटर लुनाटी यानें मोटार उचलणाऱ्या लिफ्टचें पेटंट १९२५ सालीं मिळविलें. तत्पूर्वीं मोटारीचें पोट पाहावयाचें तर जमिनींत खड्डा खणून त्यांत उतरावें लागे. आपल्याकडील कित्येक गॅरेजांत असा खड्डा आजही आढळतो.

चार खांबांच्या लिफ्टमध्यें गाडीचीं चाकें उभीं राहण्यासाठीं दोन लांब पोलादी पट्टे असतात. ते पुढल्या व मागल्या अशा दोन आडव्या तुळयांवर बसविलेले असून, प्रत्येक तुळईचीं टोकें दोन बाजूंच्या खांबांत वरखालीं सरकतात. बहुतेक लिफ्टांत तेलाचा सिलिंडर एकच असतो व तो एका पट्ट्याच्या पोटाशीं दडलेला असतो. त्याचा दट्ट्या तारेचे चार दोर एकदम ओढतो. ते दोर कप्प्यांवरून वळून चार खांबांच्या माथ्याशीं जातात व तेथें आटे पाडलेल्या दांड्यांना नटांनीं आवळलेले असतात. प्रत्येक खांबांत घरें पाडलेली एक पोलादी पट्टी उभी असते. लिफ्ट वर चढूं लागली कीं तुळईच्या टोकाशीं असलेला खटका या घरांतून "टक् टक्" आवाज करीत जातो. हव्या त्या उंचीवर पोहोंचल्यावर लिफ्ट किंचित् खालीं सोडावयाची, म्हणजे चारही खटके घरांत बसतात आणि गाडीचा भार दोरांवरून खटक्यांवर येतो.

भार दोराच्या भरंवशावर ठेवूं नये, हें तत्त्व फार मोलाचें आहे. एलिशा ओटिस यानें १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत उंच चढविलेल्या पाळण्यावर स्वतः उभें राहून त्याचा दोर तोडावयास लावला. खटक्यांनीं पाळणा जागच्या जागीं धरला. त्या दिवसापासून उंच इमारतींतील पाळण्यांवर लोकांचा विश्वास बसूं लागला. घरांतील मोटारीची लिफ्टही याच तत्त्वावर निर्भय होते, आणि याच तत्त्वास ती अर्ध्या बोटाची फट बाध आणते.

तें कसें, तें पाहा. फट दोराच्या दोषामुळें पडली असेल, तर त्या कोपऱ्याचा दोर इतरांहून आंखूड आहे असा अर्थ होतो. लिफ्ट खालीं असतांनाही तो दोर भार वाहत राहतो. त्यास रात्रंदिवस विश्रांति नाहीं. उलटपक्षीं शेजारचे दोर सैल पडतात, आणि सैल दोर कप्पीच्या खांचेंतून निसटण्याचा संभव असतो. पुढें लिफ्ट वर नेऊं लागलें कीं आंखूड दोराचा कोपरा आधीं चढतो व बाकीचे मागाहून येतात. चार खटके एकदम न वाजतां पुढेंमागें वाजतात. घाईंत असलेला मनुष्य तीन आवाज ऐकून थांबला, तर चौथा खटका एक घर खालींच राहतो. हीं घरें सामान्यतः तीन-चार इंच अंतरावर असतात. म्हणजे गाडीचा एक कोपरा तितका खालीं जातो, आणि तिच्या पोटाखालीं त्या वेळीं कोणी तरी पाना घेऊन निजलेला असतो. खालीं दिसणारी अर्ध्या बोटाची फट वर गेल्यावर अशी मोठी होते. म्हणून लिफ्टची परीक्षा ती खालीं असतांनाच करावी.

ही परीक्षा सोपी आहे. गाडी बाहेर काढावी, लिफ्ट पूर्ण खालीं आणावी, विजेचा खटका बंद करावा, आणि प्रत्येक खांबाजवळचा दोर हातानें दाबून पाहावा. हातांत जाड मोजे असावेत; दोराची एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर ती सुईसारखी शिरते. अधांतरीं कोपऱ्याचा दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ आणि बाकीचे नरम लागले, तर दोर आंखूड आहे असें समजावें. चारही दोर नरम असून कोपरा मात्र उचललेलाच असेल व पायानें दाबतांच डुगडुगत असेल, तर दोर निर्दोष आहेत. उंचसखल जमिनीवर मांडलेला चौरंग जसा तीन पायांवर उभा राहून चौथ्यानें हलतो, तशीच ही लिफ्ट हलते; दोष खालच्या जमिनीचा आहे. चारही दोर ताठ असून कोणताच कोपरा नीट टेकत नसेल, तर सर्वच नट फाजील आवळले गेले असून दट्ट्याची धांव लिफ्ट टेकण्यापूर्वींच संपते आहे. याशिवाय तुळईखालीं अडकलेला खडा, गंजून जाम झालेली कप्पी किंवा कललेला खांब अशीं साधीं कारणेंही असूं शकतात. तीं आधीं पाहून घ्यावींत.

पत्रांतील हकीकतीवरून आमचा संशय जमिनीवर आहे. लिफ्ट उन्हाळ्यांत नीट बसत होती व पावसाळ्यानंतर बसेनाशी झाली, ही गोष्ट बोलकी आहे. बीड जिल्ह्याचा दक्षिण भाग बालाघाटच्या डोंगररांगेचा. आष्टी, पाटोदा या बाजूस माती उथळ व खालीं मुरूम. उत्तरेकडे गोदावरीच्या कांठाला उतरत गेलें कीं गेवराई, माजलगांव या तालुक्यांत खोल काळी जमीन लागते. कापसाला ती कामधेनु आहे, पण घराला तशी नाहीं. काळ्या दगडाच्या झिजेंतून झालेल्या या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचा चिकण द्रव्याचा अंश पुष्कळ असतो. पाणी मिळालें कीं तो फुगतो, पाणी गेलें कीं आकसतो. चैत्र-वैशाखांत शेताला हात हात भेगा पडतात आणि आषाढ-श्रावणांत त्या मिटून रान एकसंध होतें, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तीच जमीन आपल्या मोटारखान्याच्या कोब्याखालीं आहे, याचा मात्र विसर पडतो.

ही माती सर्वत्र सारखी फुगली असती तर एक वेळ निभावलें असतें. परंतु तसें होत नाहीं. घराच्या मध्यभागीं जमीन कोरडी राहते. कडेला, जेथें पन्हाळीचें पाणी पडतें, मोरीचें पाणी मुरतें, गाडी धुतलेलें पाणी सांचतें, तेथें ती अधिक फुगते. भिंतीलगत मोठा लिंब असेल तर त्याचीं मुळें त्या बाजूचें पाणी शोषून घेतात व तो कोपरा खचतो. त्यामुळें चार खांबांपैकीं एखादा वर उचलला जातो किंवा खालीं जातो. नट फिरवून ही अडचण तात्पुरती झांकतां येईल. पण उन्हाळ्यांत जमीन पूर्वस्थितीस आली कीं तोच नट उलट फिरवावा लागेल, आणि दरम्यान दोरांचा ताण मात्र बिघडून बसेल.

जमिनीच्या कलाचें आणखी एक कारण आपणच निर्माण करतों. पाणी दाराकडे वाहून जावें म्हणून गवंडी मोटारखान्याच्या कोब्याला उतार देतो. शंभरास एक असा उतार डोळ्यांना जाणवतही नाहीं. पण पुढल्या व मागल्या खांबांत १४ फुटांचें अंतर असेल, तर एवढ्या उतारानेंही दोन टोकांत पावणेदोन इंचांच्या आसपास फरक पडतो. म्हणून कोबा सपाट दिसतो, या साक्षीवर विसंबूं नये, मोजावें.

मोजण्याचें साधन प्रत्येक गवंड्याजवळ असतें: पाण्यानें भरलेली लांब पारदर्शक नळी, जिला तो लेव्हल-पाइप म्हणतो. नळींत हवेचा बुडबुडा नसावा व दोन्ही तोंडें उघडीं असावींत. एक टोंक पहिल्या खांबाशीं धरावें, दुसरें क्रमानें इतर तीन खांबांशीं न्यावें, आणि प्रत्येक ठिकाणीं पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनें खूण करावी. मग त्या खुणेपासून कोब्यापर्यंतचें अंतर चारही खांबांशीं मोजावें. ज्या खांबाशीं अंतर अधिक, तेथील जमीन तितकी सखल. पाणी कोणाचा पक्ष घेत नाहीं, हाच या साधनाचा गुण. बीड शहराजवळील खजाना विहीर ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें अधिक पटेल. सलाबतखानाच्या काळीं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, राजा भास्कर यानें ती बांधली असें सांगतात. तेथील पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या बळावर, भुयारी पाटांनीं शेतांकडे जातें. जमिनीची पातळी अचूक हेरल्याशिवाय असें काम होणें नाहीं. त्याच जिल्ह्यांतील घरानें आपल्या मोटारखान्याची पातळी एकदां पाहून घेण्यास कांहींच हरकत नाहीं.

मापें हातीं आल्यावर कामाचा क्रम असा ठेवावा: जमीन, खांब, खटके, आणि सर्वांशेवटीं दोर. पुतण्यानें सुचविलेला उपाय सर्वस्वीं चुकीचा नाहीं. तो शेवटचा असून त्यानें तो पहिला मानला आहे, इतकेंच.

पहिली जमीन. कोब्यास खांबाजवळ आरपार तडा असेल तर पुढें कांहींच करूं नये. लिफ्ट रिकामी करून बंद ठेवावी व तो भाग नवा करावा. लिफ्टच्या पुस्तिकेंत कोब्याची जाडी व ताकद दिलेली असते. निदान ४ इंच जाडीचें चांगलें काँक्रीट बहुतेक ठिकाणीं सांगितलेलें आढळतें. नव्या काँक्रीटाची पूर्ण ताकद २८ दिवसांनीं धरतात, त्याआधीं भार देऊं नये.

दुसरे खांब. सखल बाजूच्या खांबाच्या तळपट्टीखालीं पोलादी पत्र्याच्या पट्ट्या, ज्यांस मिस्त्री शिम म्हणतात, त्या घालाव्यात. किती जाडीपर्यंत घालाव्यात याची मर्यादा पुस्तिकेंत असते. फरक त्याहून अधिक असल्यास कोबाच दुरुस्त करावा. प्रत्येक खांब दोन बाजूंनीं ओळंब्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें आणि मगच जमिनींत ठोकलेले अँकर बोल्ट आवळावेत.

तिसरे खटके. रिकामी लिफ्ट छातीइतकी उंच न्यावी व खालीं सोडून खटक्यांवर बसवावी. चारही खटके खालून मोजतां एकाच क्रमांकाच्या घरांत आहेत ना, हें डोळ्यांनीं पाहावें. मग तोच लेव्हल-पाइप तुळयांच्या चार टोकांना लावावा. फरक दिसल्यास, ज्या लिफ्टांत घरांची पट्टी वरखालीं करण्याची सोय असते त्यांत ती पट्टी जुळवावी.

चौथे दोर. लिफ्ट खटक्यांवर बसलेली असतांना चारही दोर किंचित् नरम असावेत. भार खटक्यांवर असल्याची तीच खूण. मग लिफ्ट वर नेतांना आवाज ऐकावा. ज्या कोपऱ्याचा खटका उशीरा वाजतो तेथील नट थोडा आवळावा. जो आधीं वाजतो तेथील थोडा सैल करावा. एका वेळीं अर्ध्या-पाऊण फेऱ्याहून अधिक फिरवूं नये, आणि प्रत्येक वेळीं लिफ्ट पुन्हां चढवून-उतरवून पाहावी. चारही खटके एकदम वाजूं लागले कीं वरचा दुसरा नट आवळून पहिला पक्का करावा. नटाच्या पलीकडे आट्यांचे कांहीं फेरे शिल्लक राहिलेच पाहिजेत. शेवटीं लिफ्ट पूर्ण खालीं आणावी. चारही कोपरे टेकले, पायानें दाबून कोणताही हलला नाहीं, आणि चारही दोर न ओढतां, न लोंबतां, कप्पीच्या खांचेंत राहिले, म्हणजे बैठक साधली. नवा दोर पहिल्या कांहीं महिन्यांत थोडा ताणतो. म्हणून पहिल्या वर्षीं ही तपासणी अधिक वेळां करावी. एखाद्या दोराच्या तारा तुटलेल्या आढळल्यास जुळवाजुळव न करतां दोर बदलावा.

हें सर्व करतांना गाडी लिफ्टवर नसावी व खालीं कोणीही नसावें, हें निराळें सांगावयास नको, तरीही सांगतों. दोरांचें काम प्रथमच करावयाचें असेल तर लिफ्ट बसविणाऱ्या जाणत्या मिस्त्रीस बोलवावें. मात्र जमिनीचीं मापें घेतल्याशिवाय त्यास नटाला हात लावूं देऊं नये.

आतां पाचरीविषयीं. लांकूड उन्हांत आटतें, पावसांत फुगतें, भारानें दबतें आणि आपल्याकडील वाळवीस आयतें खाद्य होतें. त्याहून वाईट म्हणजे पाचर फट झांकते व दोष शाबूत ठेवते. दोर ताठ आहे कीं नरम हें समजण्याची जी एक खूण होती, तीही त्यामुळें नाहींशी होते. पाचर ठोकूं नये.

थोरल्या काकांस आमची नम्र विनंति अशी कीं, लिफ्ट विकण्याची घाई करूं नये. कारण खालीं दुसरें कांहीं बांधलें तरी जमीन हीच राहणार. त्यांचा व्यवहारीपणा मोटारखान्याच्या भोंवतालीं अधिक उपयोगी पडेल. पन्हाळीचें पाणी नळानें दूर न्यावें. गाडी धुण्याची जागा हलवावी. भिंतीलगत चोहोंकडे बाहेर उतरता पक्का पट्टा करावा, म्हणजे पाणी पायाशीं मुरणार नाहीं. कोबा नव्यानेंच करावयाचा झाल्यास काळी माती काढून त्या जागीं मुरूम थराथरानें धुमसून भरावा. नवें घर बांधणाऱ्यांसाठीं रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें काळ्या जमिनीस योग्य असा पाया सिद्ध केलेला आहे. त्यांत काँक्रीटचे खांब खोल उतरवून तळाशीं भोपळ्यासारखे फुगीर करतात. अशा खांबांची खोली सामान्यतः निदान साडेतीन मीटर धरतात, कारण त्या खोलीवर ऋतूंची हालचाल फारशी पोहोंचत नाहीं. स्थानिक अभियंत्याचा सल्ला घेऊनच हें करावें.

राहतां राहिला घरांतील शिस्तीचा प्रश्न. एकत्र कुटुंबांत यंत्राला हात लावणारे पुष्कळ असतात व त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. लिफ्टच्या बाबतींत हें चालावयाचें नाहीं. तिची किल्ली एकाच्याच स्वाधीन असावी. लिफ्ट चढत-उतरत असतांना मुलें, गुरें व बघे बाहेर असावेत. खालीं जाणाऱ्यानें दुसऱ्याच्या सांगण्यावर न जातां स्वतः चार खांबांभोंवतीं फिरून चारही खटके घरांत बसल्याचें पाहावें. आणि खोलींत एक लहान वही टांगून ठेवावी. वर्षांतून दोनदां, वैशाख संपतांना व भाद्रपद संपतांना, लेव्हल-पाइपनें मोजलेले चार आंकडे तींत तारखेसह लिहावेत. दोन-तीन वर्षांच्या आंकड्यांवरून कोणता कोपरा केव्हां हलतो हें त्या घरास कोणाही तज्ज्ञापेक्षां अधिक चांगलें समजेल.

वहीचें हें काम आम्ही धाकट्या काकूंकडे सोंपवितों. त्यांनींच योग्य प्रश्न विचारला आहे. तूर्त लिफ्ट रिकामी ठेवावी, जीप बाहेर उभी करावी, आणि गवंड्यास बोलावून आजचीं मापें घ्यावींत. वैशाखअखेरचे चार आंकडे त्यांनीं आम्हांस कळविल्यास शिम किती जाडीच्या घालाव्यात व पाणी कोणत्या बाजूनें वळवावें, याविषयीं पुढील अंकांत लिहिण्यास आम्हांस आनंद वाटेल.